भरलेला हौद

"कोंबडी! कोंबडी! जारा, सल्ला दिलास तू! काढ आवाज!"

रेडिओतून टेगन एवढ्या जोरात किंचाळली की फळीवर झोपलेलं मांजर उडी मारून पळालं.

"मी कुठे सल्ला दिला?" जारा म्हणाला. "मी फक्त म्हटलं, मेरिनने काकांच्या चहात साखरेऐवजी मीठ घालावं."

"मग हा सल्ला नाही तर काय आहे? काढ मुकाट्याने!"

रेडिओत आधी खरखर झाली, मग एक लांब सुस्कारा ऐकू आला आणि मग, "पक् पक् पकाऽऽक!"

दहा वर्षांचा नेड हसून हसून स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवा झाला. त्याची ताई मेरिन मात्र नुसती ओठातल्या ओठात हसली. ती तेरा वर्षांची. तिच्या डाव्या हातात बटाटा होता, उजव्या हातात सुरी, आणि रेडिओचा माईक तिने हनुवटीखाली दाबून धरला होता.

नाताळची सुट्टी होती. त्या मुलखात नाताळ भर उन्हाळ्यात येतो, बाहेर रान भाजून निघत होतं. चौघांपैकी कोणालाही घरून चालत दुसऱ्याच्या घरी जाता येत नव्हतं. जाराचं घर कुंपणापलीकडच्या रानात होतं, तिथे तो त्याच्या इवी आजीबरोबर राहायचा. टेगनच्या आईचा हमरस्त्यावर पेट्रोल पंप होता आणि त्याला लागून खाणावळ. म्हणून रोज चार वाजता चौघं रेडिओवर भेटायचे आणि 'खड्डा-टेकाड' खेळायचे. दिवसभरातला एक खड्डा सांगायचा, म्हणजे जे वाईट झालं ते. मग एक टेकाड, म्हणजे जे बरं झालं ते. आधी खड्डा, मग टेकाड, क्रम बदलायचा नाही. ज्याचा खड्डा खोल असेल त्याला बाकीच्यांनी हसवायचं. आणि सल्ला द्यायचा नाही! सल्ला देणाऱ्याला कोंबडी व्हावं लागे.

मेरिनचे बाबा घोड्यावरून पडले आणि पाय मोडून थेट विमानाने शहरातल्या इस्पितळात गेले, त्या दिवशी हा खेळ सुरू झाला. आईही बाबांबरोबर गेली होती, आणि घर-गुरं सांभाळायला डेस काका आले होते. मोठ्यांना ही पोरांची बडबड वाटायची. मोठ्यांचे स्वतःचे खड्डे कमी नव्हते, पण ते कुत्र्यावर खेकसून भरायची त्यांची रीत होती!

"मेरिन, तुझा खड्डा अर्धाच राहिला," टेगन म्हणाली.

"मी आज परत स्वयंपाकघरात. डेस काका नेडला गाडीतून पाण्याच्या पवनचक्कीवर घेऊन गेले. मला म्हणाले, 'पोरी, तू बटाटे सोल.' मला गाडी चालवता येते, नेडला येत नाही! पण बटाटे कोणी सोलायचे? मी!"

"आणि खरा खड्डा?" जाराने हळूच विचारलं. त्याला मेरिनचा आवाज कळायचा.

मेरिनने सुरी खाली ठेवली. "बिस्किट."

बिस्किट ही तिची घोडी. गाभण होती, दिवस भरत आले होते. तिला घराजवळ ठेवूया म्हणून मेरिन काकांच्या मागे लागली होती. काकांनी तिला उत्तरेच्या मोठ्या कुरणात गाईंबरोबर सोडून दिलं. "घोड्या काय आजवर दवाखान्यात व्यायल्या का?" असं म्हणून स्वतःच्याच विनोदावर खो खो हसले होते.

"मी रोज म्हणते बघून येऊ, ते रोज म्हणतात उद्या. टेकाड नाही आज माझ्याकडे. पुढे चला."

मग जारा म्हणाला, "माझा खड्डा ऐक, तू रडायच्या ऐवजी जांभया देशील. मी काल रात्री झोपलोच नाही. तुमच्या गाई! आमच्या कुंपणाला नाकं लावून उभ्या आहेत आणि नुसत्या हंबरतायत. आजीने कानात कापूस घातला, तरी हंबरतायत. आमच्या पाण्याच्या टाकीकडे अशा बघतात, जणू मी त्यांची टाकी चोरली!"

"आणि टेकाड?"

"आजीने मला नवी टोपी दिली. वाढदिवसाची, आगाऊ."

"आता मी!" नेडने माईक ओढला. "खड्डा म्हणजे काकांनी मला गाडी चालवू दिली नाही. टेकाड म्हणजे पवनचक्कीचा हौद काठोकाठ भरलाय! पाणी बाहेर सांडत होतं. त्यात बदकं पोहत होती, बदकं! काका म्हणाले, 'बघ, माझ्या राज्यात पाणीच पाणी!' मग आम्ही पुढे फाटकापर्यंत गेलो. फाटक बंद होतं, त्याला नवं कोरं कुलूप. त्यात मला माझं नाक दिसलं, एवढं मोठं! मग परत आलो."

मेरिनच्या भुवया आक्रसल्या. पण तोवर टेगन सुरू झाली होती.

"माझा खड्डा म्हणजे तवा. दिवसभर तवा घासतेय. आणि टेकाड की खड्डा ते तुम्हीच ठरवा. ते पाइपलाइनची मोजणी करणारे लोक आहेत ना, नारिंगी जाकिटवाले? ते आत्ता इथेच बसून पाय हलवत चिप्स खातायत. त्यातला लाल दाढीवाला मला म्हणतो, 'तुमच्याकडची माणसं भलती निष्काळजी! परवा एवढं मोठं फाटक सताड उघडं! आम्ही बंद केलं, वर आमचं कुलूप घातलं. नाहीतर सगळी गुरं पळाली असती. आभार मान आमचे!' मी म्हटलं, आभार. सॉस आणू?"

जारा फस्सकन हसला. नेडही हसला. मेरिन हसली नाही. ती ताडकन उभी राहिली, बटाटे घरंगळत दारापर्यंत गेले.

"नेड! हौदाभोवती चिखल होता का?"

"चिखल? नाही. जमीन वाळून तडकली होती."

"खुरांचे ताजे ठसे? ताजं शेण?"

"शेणाच्या गोवऱ्या झाल्या होत्या. मी एक लाथाडली. का गं?"

"अरे, एवढ्या उन्हात, एवढी गुरं रोज पितात त्या हौदातून! रोज संध्याकाळी तो तळाला जातो! आणि आज भरून वाहतोय?"



"कोणी प्यायलंच नाही," जारा हळूच म्हणाला.

"उत्तरेचं तळं केव्हाच आटलं. म्हणूनच बाबांनी ते फाटक उघडं ठेवलं होतं, गाईंनी इकडे पवनचक्कीवर येऊन प्यावं म्हणून. या शहाण्यांनी ते बंद केलं! आणि काका त्या फाटकापर्यंत जाऊन परत आले!"

"मग काकांनी उघडलं का नाही?" टेगनने विचारलं.

याचं उत्तर चौघांनाही माहीत होतं. त्या मुलखात पोरगं बोलायला शिकतं तेव्हाच हे शिकतं: फाटक जसं सापडेल तसं ठेवायचं. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. नारिंगी जाकिटवाल्यांना हा नियम माहीत नव्हता म्हणून त्यांनी घोळ घातला. काकांना तो तोंडपाठ होता, म्हणून त्यांनी तो घोळ तसाच राहू दिला!

"बिस्किट पण आत आहे," मेरिन म्हणाली आणि माईक टाकून धावली.

डेस काका पडवीत खुर्चीवर पाय पसरून बसले होते. टीव्हीवर क्रिकेट चालू होतं, हातात बिअरची बाटली होती.

"काका, उत्तरेचं फाटक उघडायला हवं! आत्ताच्या आत्ता! गाई तहानेने मरतील!"

"गाई?" काकांची नजर टीव्हीवरच. "हौद काठोकाठ आहे. मी स्वतः बघितलाय."

"म्हणूनच! हौद भरलाय कारण—"

"कारण मी पवनचक्कीला तेल घातलं. अरे, मार ना सरळ बॅटने! काय खेळतो हा!"

"काका, ते कुलूप आपलं नाहीये. मोजणीवाल्यांनी लावलंय. बाबांनी फाटक उघडं ठेवलं होतं, त्यांनी तुम्हाला फोनवर सांगितलंही होतं!"

काकांनी आठवून पाहिलं. फोन आला होता खरा. पण तेव्हाही क्रिकेटच चालू होतं, आणि काका 'हो, हो' म्हणत राहिले होते. न ऐकताच 'हो' म्हटलं हे पुतणीसमोर कबूल करायला छाती लागते. काकांच्या छातीवर त्या वेळी शेंगदाण्यांची फोलपटं होती.

"फाटक जसं सापडतं तसं ठेवायचं," ते करड्या आवाजात म्हणाले. "तुझ्या बापाने एवढंही शिकवलं नाही? आणि रेडिओवर चकाट्या पिटणं बंद करा. त्यातूनच ही खुळं डोक्यात शिरतात."

मेरिनच्या कानशिलात रक्त उसळलं. आता भांडायचं, की काम करायचं? तिने दात आवळले.

"बरं. मग आम्ही पवनचक्कीवर जाऊन येऊ? पाणी वाया जातंय. बंद करून येतो."

"जा. पण फाटकाच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही! कळलं?"

"पलीकडे एक पाऊल नाही!" मेरिन म्हणाली आणि नेडच्या कॉलरला धरून तिने जुन्या ट्रककडे धूम ठोकली.

मागे पाण्याचा पिंप, कुत्रा, पहार आणि उभा लोखंडी जॅक टाकला. मेरिनने ट्रक असा हाणला की नेडचे दात वाजू लागले.

"ताई, कुलूप कसं तोडणार?"

"टेगनला विचार!"

गाडीतल्या रेडिओवर टेगन कुजबुजत होती. "मी गोड बोलून बघितलं. चिप्सची आणखी एक बशी दिली. म्हटलं, किती हुशार हो तुम्ही, कुठलं बरं फाटक? त्याने फोनवर फोटोच दाखवला, कुलपाशेजारी अंगठा वर करून उभा! तुमचंच फाटक. मग मी म्हटलं, गाई आत अडकल्यात, किल्ली द्या. तर म्हणतो, 'वरून परवानगी लागेल. सोमवारी बघू.'"

"सोमवारी!" नेड ओरडला. "सोमवारपर्यंत गाई थांबणार आहेत का? त्यांना सांगायचं का, रांगेत उभ्या राहा?"

"आई येतेय. तिने ऐकलंय. तिचा चेहरा बघून मलाच भीती वाटतेय. थांबा!"

फाटक आलं. मेरिनने करकचून ब्रेक दाबला. भलंमोठं लोखंडी फाटक, जाड साखळी आणि चकचकीत कुलूप. पलीकडे लांबवर, जाराच्या कुंपणाच्या कोपऱ्यात, धुळीचा तपकिरी ढग होता. वारा पडला की हंबरण्याचा आवाज यायचा. गाई हंबरतात तसा नव्हता तो. घसा कोरडा पडलेल्या माणसाच्या घोगऱ्या ओरडण्यासारखा होता.

नेडने पहार कुलपात अडकवून जोर लावला. पहार निसटली, नेड धुळीत बसला. मेरिननेही लावून बघितला. कुलपावर साधा ओरखडा उमटला नाही.

"तार तोडूया," नेड म्हणाला आणि स्वतःच दचकला. कुंपण तोडणं! त्या मुलखात याहून मोठं पाप नव्हतं. आणि तोडायला पक्कडही नव्हती, ती काकांच्या गाडीत राहिली होती.

मेरिन फाटकाभोवती पिंजऱ्यातल्या मांजरासारखी येरझारा घालत होती. कुलपाच्या बाजूने इकडे, इकडून तिकडे. मग एकदम थबकली.

"नेड, सगळे कुलपाकडेच बघतात."

"मग कुठे बघायचं?"

"बिजागरीकडे! फाटक दोन उभ्या खिळ्यांवर नुसतं अडकवलंय. वर उचललं की निघेल! जॅक आण!"

जॅक फाटकाच्या खालच्या नळीखाली, बिजागरीजवळ लावला. खालची जमीन भुसभुशीत, जॅक रुतायला लागला. नेडने ट्रकमधली फळी आणून खाली सरकवली. मेरिन दांड्यावर लोंबकळली. कट्. कट्. फाटक करकरलं. एक बोट वर आलं, मग दोन बोटं.

"ताई, हलतंय!"

"बाजूला हो! पायावर येईल तुझ्या!"

कट्. कट्. आणि धडाऽऽम! फाटक खिळ्यांवरून सुटलं आणि धुळीत आदळलं. दोघांनी ते एका टोकाला धरून ओढलं. कुलूप आपल्या जागी ऐटीत लटकतच राहिलं, आणि फाटक त्याच कुलपावर फिरून उघडं झालं! नेडने कुलपाला वाकून सलाम ठोकला.

"आता गाईंना कसं सांगायचं? पलीकडे तर जायचं नाही."

मेरिन ट्रकमध्ये शिरली. बाबा दुष्काळात चारा घेऊन जायचे तेव्हा जसा वाजवायचे, तसा तिने भोंगा दाबला. तीन लांब. थांबून पुन्हा तीन लांब.

काहीच घडलं नाही. नेडने बोटांची नखं खायला सुरुवात केली.

"वाजव, वाजव!" रेडिओवर जारा ओरडला. "मी कुंपणापाशीच आहे, आजी पण आहे. माना वर केल्या त्यांनी! म्हातारी पांढरी गाय वळली! मेरिन, वाजवत राहा! निघाल्या! सगळ्या निघाल्या! अगं, पळतायत! रस्त्यातून बाजूला व्हा!"

मेरिनने ट्रक बाजूला घेतला. दोघं कुत्र्याला ओढत टपावर चढले. जमीन थरथरू लागली. धुळीचा ढग मोठा झाला, त्यातून शिंगं दिसली, मग डोळे, मग बाहेर आलेल्या जिभा. पाण्याचा वास लागलेली गुरं दोन पोरांसाठी थांबत नाहीत! ट्रकला दोन्ही बाजूंनी धक्के बसत होते. नेडने डोळे मिटून मेरिनचा दंड एवढा घट्ट धरला की पुढे आठवडाभर तिथे चार बोटं उमटलेली राहिली.

मग आवाज पवनचक्कीकडे गेला. बदकं कलकलाट करत उडाली.

मेरिन टपावर उभी होती. डोळ्यांवर हात धरून तिने मागची रांग बघितली. लंगडणारी गाय, वासरं, शेवटी एक बैल. धूळ खाली बसली. पलीकडे दोन लहान वासरं आडवी पडलेली दिसली. ती उठणार नव्हती.

बिस्किट कुठेच नव्हती.

"नेड," ती म्हणाली, "ती नाही आली."

हसवायचा नियम होता, पण त्या वेळी त्याला एकही विनोद आठवला नाही. त्याने ताईचा हात धरला, तेवढंच त्याला जमलं.

ती खाली उतरली. फाटकाच्या उंबऱ्यापाशी जाऊन थांबली. पलीकडे पाऊल टाकायचं नाही, म्हणे! तिने पाय उचलला...

रेडिओ खरखरला. "मेरिन? जारा बोलतोय. माझा आजचा दुसरा खड्डा सांगायचाय."

"जारा, आत्ता नाही!"

"आत्ताच. आधी खड्डा, मग टेकाड. क्रम बदलायचा नाही. तर खड्डा असा की माझी नवी टोपी, वाढदिवसाची, आगाऊ, तिचं वाटोळं झालं. मी तिच्यात पाणी भरून कुंपणाच्या तारेखालून आत धरली होती. आजी म्हणाली, थोडं थोडंच पाज, एकदम दिलं तर पोट दुखेल. तर ती पाणी प्यायली आणि वर तिने टोपीची कड चावून खाल्ली!"

"कोणी खाल्ली?" मेरिनचा आवाज चिरकला.

"आता टेकाड. ती कोपऱ्यातल्या झाडाच्या सावलीत उभी आहे. हलत नाहीये, कारण तिच्या पोटाखाली चार लांब काटकुळे पाय थरथरत उभे आहेत. कपाळावर पांढरा ठिपका. शिंगरू झालंय, मादी आहे गं!"

मेरिन धुळीतच बसली आणि मोठ्याने रडली. कुत्रा तिचं तोंड चाटू लागला.

"ताई, हे खड्ड्याचं रडणं की टेकाडाचं?" नेडने विचारलं.

"गप्प बस रे!" ती म्हणाली, आणि रडता रडता हसली.

थोड्याच वेळात डेस काकांची गाडी धूळ उडवत आली. हमरस्त्यापर्यंत तो भोंगा ऐकू गेला होता, मग क्रिकेट कसलं बघतायत!

"फाटक कोणी उपटलं?" ते गाडीतूनच गरजले. "पलीकडे गेलात ना शेवटी?"

"एक पाऊलही नाही," नेड म्हणाला. "तुम्हीच बघा, ठसे आहेत का."

काकांनी ठसे बघितले. मग त्यांना हौद दिसला. गुरं एकमेकांच्या पाठीवर चढून पीत होती आणि हौद तळाला गेला होता. मग त्यांनी पलीकडची दोन वासरं बघितली. त्यांनी टोपी काढली.

"चला," ते शेवटी म्हणाले. "तुझी घोडी आणू. गाडी तू चालव."

काळोख पडायच्या आत नारिंगी जाकिटवाले किल्ली घेऊन हजर झाले. टेगनच्या आईने पंपाची नळी उचलून जागेवर ठेवली होती आणि लाल दाढीवाल्याला सांगितलं होतं, "डिझेल? वरून परवानगी लागेल. सोमवारी बघू!" लाल दाढी म्हणाली, आमचा हेतू चांगला होता. इवी आजीने त्याला हाताला धरून त्या दोन वासरांपाशी नेलं आणि म्हणाली, "हेतू यांना सांग." मग त्याने खाली मान घालून फाटक खिळ्यांवर चढवलं. उघडं. कुलूप खिशात.

रात्री बाबांचा फोन आला. त्यांनी मेरिनला सगळं दोनदा सांगायला लावलं.

"फाटक जसं सापडेल तसं ठेवा, हे मीच शिकवत आलो," ते म्हणाले. "पण ते तसं का आहे, हे आधी बघा, एवढं शिकवायचं माझ्याकडून राहूनच गेलं. तुम्ही ते आपलं आपण शिकलात. माझा पाय मोडला पण रान धड हातांत आहे!"

दुसऱ्या दिवशी चार वाजता रेडिओ सुरू झाला. बटाटे सोललेले तयार होते. ते काकांनी सोलले होते, आणि त्यांच्या तीन बोटांना पट्ट्या होत्या.

"मला जरा बोलू द्या," ते म्हणाले. त्यांनी माईक उलटाच धरला होता, नेडने तो सरळ केला. "डेस बोलतोय. माझा खड्डा म्हणजे ती दोन वासरं. मी फाटकापर्यंत जाऊन परत आलो. पोरगी सांगत होती, मी टीव्ही बघत होतो. बस."

खड्डा खोल होता. मग जारा म्हणाला, "काका, नियम असा आहे की आता तुम्हाला हसवायचं. आजी म्हणते, तुमच्या गाई गेल्या पण तिला आता शांततेत झोप येत नाही. ती म्हणते, तुम्हीच येऊन कुंपणापाशी हंबरा."

काकांच्या घशातून एक चमत्कारिक आवाज आला. हसूच होतं ते.

"टेकाड, काका!" टेगनने आठवण केली.

"टेकाड? ही चार पोरं." त्यांनी नाक पुसलं. "आणि ती शिंगरी. काय चालते दिमाखात! मेरिन, माझं ऐकशील तर तू तिचं नाव 'चांदणी' ठेव. आणि तिला उन्हात सोडू नकोस, आणि तिच्या आईला—"

"कोंबडी!" रेडिओतून दोन आणि स्वयंपाकघरातून दोन आवाज एकदम उठले. "कोंबडी! काका, सल्ला दिलात! काढा आवाज!"

डेस काकांनी इकडे तिकडे पाहिलं. कुत्र्याने कान टवकारले. काकांनी खोल श्वास घेतला, दोन्ही कोपरं पंखांसारखी बाहेर काढली आणि अशी काही बांग दिली की अंगणातल्या खऱ्या कोंबड्या खुराड्याकडे पळत सुटल्या.